मालकाच्या गाडीचं बिल ड्रायव्हरच्या घरात

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं. मिस्टर अकरा वर्षं ट्रक चालवतात, गेली चार वर्षं एकाच मालकाकडे. मालकाच्या तीन गाड्या. पगार १८,००० आणि ट्रीपचा भत्ता वेगळा. दोन महिन्यांपूर्वी ते कोल्हापूरहून साखरेची पोती भरून वाशीला निघाले होते. खंबाटकीचा बोगदा सोडल्यावर शिरवळच्या अलीकडे रात्री अडीच वाजता, पावसात, रस्त्यातच बंद पडलेल्या एका ट्रेलरला मागून धडक बसली. ट्रेलरला ना लाईट चालू ना रिफ्लेक्टर. मिस्टरांच्या कपाळाला टाके पडले, गुडघा सुजला, बारा दिवस घरी होते. त्या दिवसांचा पगार नाही, दवाखान्याचं ८,४०० चं बिल घरातूनच भरलं.

आता मालकाने हिशेब दिलाय. गॅरेजचं बिल २,३५,०००, त्यातले विम्याचे १,३८,००० आले, राहिले ९७,०००. भिजलेल्या १४ पोत्यांचे २८,०००. गाडी २२ दिवस उभी राहिली त्याचे रोजचे २,००० धरून ४४,०००. एकूण १,६९,०००, दर महिन्याला पगारातून ७,००० कापायचे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही घेतलीय आणि लायसन मालकाने ठेवून घेतलंय. मिस्टर म्हणतात चूक माझी, फेडायलाच पाहिजे, आणि वर हेही की लेकीच्या ऑपरेशनला याच माणसाने २५,००० काढून दिले होते (त्यातले १०,००० द्यायचे राहिलेत). ताई विचारतात, "दागिने गहाण ठेवून एकदाचं मोकळं व्हावं का? की हे पैसे आम्ही देणंच लागत नाही?"

ताई,

पहिलं उत्तर आधीच देते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. दागिने गहाण ठेवू नका. निदान हे पूर्ण वाचून होईपर्यंत आणि मी खाली सांगते ते दोन कागद हातात पडेपर्यंत तरी नाहीच.

मी लग्नानंतर नऊ वर्षं कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब लिहायला होते. लाल पुठ्ठ्याचं लांबट रजिस्टर असायचं, प्रत्येक ड्रायव्हरचं एक पान, डावीकडे भत्ता, मधे उचल, आणि उजवीकडे एक कॉलम होता त्याचं नाव "तोडफोड". आरसा फुटला, ११०० लिहा. ताडपत्री फाटली, लिहा. टायर कट झाला, लिहा. मी ते माझ्या हाताने लिहिलंय ताई, वर्षानुवर्षं, आणि कधी एकदाही विचारलं नाही की हे कोणी ठरवलं. ड्रायव्हर समोर उभा असायचा, हातात रुमाल, आणि आकडा बघून मान हलवायचा. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला तुमच्या मालकाचा हिशेब नवीन वाटलाच नाही, तो मला पाठ आहे.

तर आता त्या हिशेबाकडे आपण दोघी मिळून बघू. पण त्याआधी तुमच्या मिस्टरांच्या वाक्याबद्दल, "चूक माझी". ज्या माणसाला टक्कर दिल्यावर पहिला विचार पोत्यांचा येतो तो माणूस प्रामाणिक आहे, यात शंका नाही, आणि मला त्यांचा मोठेपणा कमी करायचा नाहीये. पण चूक झाली म्हणजे पूर्ण चूक माझी, आणि चूक माझी म्हणजे बिल माझं, ह्या दोन उड्या त्यांनी एका दमात मारल्यात आणि मला वाटतं त्या दोन्ही तपासायला हव्यात.

पहिली उडी. तुम्ही पत्रात सहज म्हणून एक गोष्ट लिहिलीय की त्या दिवशी ते सकाळी सहापासून गोडाऊनला नंबर लावून उभे होते, गाडी भरायला संध्याकाळचे सात वाजले, नऊला निघाले, आणि आदल्या रात्री रिकामी गाडी घेऊन तेच कोल्हापूरला आले होते. क्लीनर मालकाने दीड वर्षापूर्वी बंद केलाय. आणि रात्री बारा वाजता मालकाचा फोन, सकाळी सहाला गाडी वाशीला लागली पाहिजे. आता हिशेब करा, सकाळी सहा ते रात्री अडीच म्हणजे साडेवीस तास, आणि आदल्या रात्रीची झोप किती झाली असेल ते तुम्हाला माहीत. मोटार वाहन कायद्यात कलम ९१ आहे, ट्रान्सपोर्टची गाडी चालवणाऱ्याचे कामाचे तास त्यात बांधून दिलेत, मूळ नियम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८. मला माहितीये रस्त्यावर हे कोणी पाळत नाही, पण पाळत नाही म्हणून त्याचा सगळा दोष स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचा कसा होईल? साडेवीस तास जागा असलेल्या माणसाला पावसात अंधारातला विनालाईटचा ट्रेलर वेळेत दिसला नाही, ह्यात एक चूक त्याची असेल, पण एक त्या ट्रेलरवाल्याची आहे आणि एक बारा वाजता फोन करणाऱ्याचीही आहे. तीन चुका आणि बिल मात्र एकाच नावावर.

ट्रेलरचं तर मला फारच आश्चर्य वाटलं, म्हणजे तुमच्या अख्ख्या पत्रात त्या ट्रेलरच्या मालकाकडे कोणी काही मागितलं असं कुठेच नाहीये. रस्त्यात धोकादायक पद्धतीने गाडी सोडून जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मागून धडक बसली की मागचाच दोषी असं लोक डोळे झाकून म्हणतात ते तितकं खरं नाही, पुढच्याची हयगय असेल तर जबाबदारी वाटली जाते. पोलिसांनी पंचनामा केलाय असं तुम्ही लिहिलंय. त्याची कॉपी काढा आणि प्रत्येक ओळ वाचा. ट्रेलरचे पार्किंग लाईट बंद होते, रिफ्लेक्टर नव्हते, मागे कोन किंवा दगड काही लावलं नव्हतं, असं एक वाक्य जरी त्यात असलं तरी ते तुमच्यासाठी सोन्यासारखं आहे. विम्यातून न भरलेलं गाडीचं नुकसान तुमचा मालक त्या ट्रेलरच्या थर्ड पार्टी विम्याकडून मागू शकतो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करून. हा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करायचा असतो, दोन महिने गेलेत, म्हणून घाई करा. आणि हे काम गाडीच्या मालकाचं आहे, ड्रायव्हरचं नाही. त्याने ते केलं नाही कारण ड्रायव्हरचा पगार जास्त जवळ आहे, हात घातला की लागतो.

आता दुसरी उडी, बिल. ९७,००० पासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त धूळ तिथेच आहे.

मालक म्हणतो विम्याने एवढेच दिले. विमा कंपनीने एवढेच का दिले, हे कोणी बघितलंय का? विम्यातर्फे नुकसान मोजायला येतो त्या सर्व्हेअरचा रिपोर्ट मागवा, हा पहिला कागद. त्यात दोन गोष्टी सापडतील असा माझा अंदाज आहे, नऊ वर्षांत मी असे बरेच रिपोर्ट फाईल केलेत. एक म्हणजे घसारा. गाडी तुम्ही म्हणता तशी सहा वर्षांची असेल तर लोखंडी पार्टवर ४० टक्के घसारा कापतात, रबर प्लास्टिक बॅटरीवर ५० टक्के, काचेवर काही कापत नाहीत. म्हणजे रेडिएटरचा सांगाडा नवा आला, केबिनचा पत्रा नवा आला, आणि जुन्या-नव्यातला फरक विम्याने दिला नाही. बरोबर आहे. पण मग मला सांगा, ते लोखंड सहा वर्षांत जुनं झालं ते कोणाच्या धंद्यात झिजून? आणि नवा पत्रा लागला तो आता कोणाच्या गाडीला आहे? जुनी वस्तू मोडली आणि नवी घरात आली, तर त्या नवेपणाचे पैसे ड्रायव्हरने का द्यायचे, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. माल वाहणाऱ्या गाडीच्या साध्या पॉलिसीत बंपर, हेडलाईट, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे पार्ट, टायर, रंग ह्यांचं नुकसान धरतच नाहीत, गाडी पूर्ण टोटल लॉस झाली तरच धरतात. ते हवं असेल तर थोडा जादा हप्ता भरून आयएमटी २३ नावाचं कव्हर घ्यावं लागतं. तुमच्या मिस्टरांच्या गाडीचं पुढूनच नुकसान झालंय, म्हणजे नेमके तेच पार्ट. पॉलिसीच्या कागदावर आयएमटी २३ लिहिलंय का बघा, हा दुसरा कागद. नसेल लिहिलं तर ९७,००० मधला एक मोठा तुकडा मालकाने हप्ता वाचवला म्हणून तयार झालाय. हप्ता वाचला तेव्हा ती बचत त्याची होती, तुमच्या मिस्टरांना त्यातला चहा सुद्धा मिळाला नाही. मग त्या बचतीचा फटका बसला तेव्हा तो तुमचा कसा?

२२ दिवसांचं भाडं तर सरळ सोडून द्या. गाडी कधी भाड्याविना उभी राहते, कधी टायरसाठी, कधी पासिंगसाठी, हा धंद्याचा धोका आहे आणि धंद्याचा नफाही मालकच घेतो. दिवाळीच्या सीझनला भाडं दुप्पट मिळालं तेव्हा त्याने दुप्पट पगार दिला होता का? नाही ना, आणि त्याने द्यावा असं आपण म्हणतही नाही. मग तोटा वाटायला बोलावू नये.

साखरेच्या २८,००० चं थोडं वेगळं आहे, तिथे मी सावकाश बोलेन. माल ड्रायव्हरच्या ताब्यात दिलेला असतो, त्यामुळे कायदा इथे थोडा मालकाच्या बाजूने बघतो. पण आधी विचारा की हे २८,००० नक्की कोणी कोणाला दिले. साखर पाठवणाऱ्याने भाड्याच्या बिलातून कापले असतील तर तसा कागद असेल, डेबिट नोट. माल पाठवणारे बऱ्याचदा स्वतःचा वाहतूक विमा काढतात, तो होता का? भिजलेली पोती कुठे गेली, कमी भावात विकली असतील तर त्याचे पैसे वजा केलेत का? आणि ताडपत्री कशी होती, हेही विचारा मिस्टरांना. मला खात्री आहे त्यांनी कधीतरी सांगितलं असेल की ताडपत्री बदला.

कायद्याचं सांगते. पूर्वी १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झालीय, या बाबतीत दोन्हींचं म्हणणं जवळपास सारखंच आहे. पगारातून मनाला येईल ते कापता येत नाही, कशासाठी कापता येतं ते ठरलेलं आहे. नुकसानीसाठी कापायचं तर ती वस्तू कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळेच झालेलं पाहिजे, कापण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिलेली पाहिजे, आणि प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा एक रुपया जास्त कापता येत नाही (कलम १८ आणि २१). मालकाचा वकील म्हणेल की गाडी पण सोपवलेलीच होती, म्हणू दे, पण मग "थेट ह्याच्याच हलगर्जीमुळे" हे त्याने दाखवायचं आणि आधी विचारायचं. तुमच्या मिस्टरांना कोणी विचारलं? गॅरेजमध्ये टाके ओले असताना स्टॅम्प पेपर समोर धरला, ह्याला म्हणणं ऐकून घेणं म्हणत नाहीत. कोणी तुम्हाला सांगेल की ७,००० हे १८,००० च्या निम्म्याच्या आत आहेत म्हणून चालतं. तसं नाहीये. निम्मं ही सगळ्या कपातींची मिळून वरची हद्द आहे, त्या हद्दीच्या आत आहे म्हणून मुळात चुकीची कपात बरोबर होत नाही.

आणि त्या स्टॅम्प पेपरला घाबरू नका. पगाराचा कायद्याने मिळणारा हक्क मी सोडून देतो असा करार, तो पाचशेच्या कागदावर करा नाहीतर पाच हजाराच्या, वेतन संहितेच्या कलम ६० प्रमाणे रद्दच असतो. फक्त त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, शेवटच्या पानावर कोरी जागा सोडलीय का ते बघा.

अजून एक गोष्ट त्या हिशेबात लिहायचीच राहिलीय, आणि ती वाचून मला खरंच वाईट वाटलं. तुमचे मिस्टर कामावर असताना जखमी झाले. कामावर इजा झाली तर औषधोपचाराचा खर्च मालकाने द्यायचा असतो, आणि काम करता आलं नाही त्या दिवसांची भरपाई सुद्धा ठरलेल्या नियमाने मिळते, भरपाईची तरतूद १९२३ पासून आहे आणि औषधोपचाराच्या खर्चाची २०१० पासून. मालकाच्या विम्यात पगारी ड्रायव्हरचं कव्हर असतं, वर्षाला अगदी किरकोळ रकमेत मिळतं. म्हणजे ते ८,४०० चं बिल मालकाने द्यायचं होतं. हिशेब असा एका बाजूनेच कसा लिहिला जातो ताई? आमच्या रजिस्टरला पण तसंच होतं, "तोडफोड" चा कॉलम होता, ड्रायव्हरचं जे तुटायचं फुटायचं त्याला कॉलमच नव्हता.

आता मालकाबद्दल. तो वाईट माणूस आहे असं मला वाटत नाही आणि तुम्हालाही वाटत नाही हे पत्रातून कळतं. तीन गाड्यांचा मालक म्हणजे काही मोठा शेठ नव्हे, दोन गाड्यांचे हप्ते चालू असतील, डिझेल, टोल, टायर, आणि भाड्याचे पैसे पार्टी दोन-दोन महिने देत नाही. अचानक लाखाचा खड्डा पडला की माणूस आजूबाजूला बघतो कोणाकडून निघेल. त्याची अडचण खरी आहे. पण अडचण खरी आहे म्हणून ती १८,००० पगाराच्या घरात उतरवणं बरोबर होत नाही. त्याच्याकडे विमा काढायची सोय आहे, भाडं वाढवून घ्यायची आहे, ट्रेलरवाल्यावर दावा करायची आहे. तुमच्याकडे काय आहे, मंगळसूत्र.

आणि लेकीच्या ऑपरेशनचे पैसे. मला वाटतं ह्या सगळ्या गुंत्याची खरी गाठ इथे आहे. त्या रात्री तो माणूस उभा राहिला, ते तुम्ही विसरू शकत नाही आणि विसरूही नये. पण ते २५,००० वेगळे आणि गाडीचं नुकसान वेगळं. दोन्ही एका वहीत गेलं की मिस्टरांना बोलताच येत नाही, तोंड उघडलं की वाटतं आपण कृतघ्न आहोत. म्हणून माझं ऐका, ते राहिलेले १०,००० आधी देऊन टाका. भिशी उचला, भावाकडून घ्या, जे जमेल ते, पण ते गूगल पे ने द्या आणि खाली लिहा "ऑपरेशनसाठी घेतलेले, पूर्ण परत". त्यावर आभार माना, मनापासून. मग दुसऱ्या दिवशी गाडीचं बोला. बघा मिस्टरांचा आवाज कसा बदलतो ते.

बोलायचं कसं? भांडायला नको जायला, आणि एकटंही नको, दीर किंवा त्यांच्या लाईनचा एखादा जुना ड्रायव्हर सोबत असू दे. सर्व्हे रिपोर्ट द्या, पॉलिसी दाखवा, माल कापल्याचा कागद दाखवा, एवढंच म्हणायचं, आणि ट्रेलरवाल्यावर दावा टाका, मी साक्ष द्यायला येतो. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, मालकाला कळतं की हा माणूस पळत नाहीये. मिस्टरांच्या मनाला अगदीच लागून राहिलं असेल आणि त्यांना काहीतरी द्यायचंच असेल तर त्यांनी स्वतःहून एक रक्कम सांगावी, एकदाच, साखरेच्या नावाने, आणि ती अर्ध्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त नसावी असं माझं मत आहे, त्यातून ते ८,४०० वजा करायला पण हरकत नाही. पण ते देणं त्यांच्या इच्छेचं, कपातीचं नाही. बोलणं झाल्यावर घरी येऊन जे ठरलं ते व्हॉट्सअॅपवर मालकाला साध्या भाषेत पाठवा. "दादा, आज असं ठरलं." बास.

लायसन मात्र त्याच दिवशी परत मागा. दुसऱ्याचं लायसन तारण म्हणून ठेवायचा अधिकार कोणालाच नाही, आणि हिशेब फिटेपर्यंत काम सोडायचं नाही असं जर तो म्हणत असेल तर ती गोष्ट १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या फार जवळ जाते, हे त्याला शांतपणे सांगा, बहुतेकांना हे माहीतच नसतं. तोवर डिजीलॉकरवरचं लायसन चालतं. फक्त एक करू नका, लायसन हरवलं म्हणून खोटी तक्रार देऊन दुसरं काढू नका, पुढे तेच अंगावर येईल.

समजा बोलून नाहीच झालं, कपात सुरूच राहिली. मग साताऱ्याला सहायक कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे चुकीच्या कपातीबद्दल अर्ज करता येतो, नव्या संहितेत त्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे, म्हणजे आज भीती वाटली तरी वाट बंद होत नाही. वकिलाच्या फीची काळजी असेल तर तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कामगारालाही मिळतो, हेल्पलाईन १५१००. आणि पगार हातात रोख मिळत असेल तर त्याची वही आजपासून सुरू करा, तारीख, रक्कम, कोणी दिली. मालकाचा बारा वाजताचा कॉल मोबाईलमध्ये दिसतोय तोवर त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

नोकरी सोडायची का, हेही तुम्ही विचारलंय. लगेच नको. अकरा वर्षांच्या अनुभवाला काम मिळेल, चांगल्या ड्रायव्हरची सगळीकडेच ओढ आहे, पण भांडणात सोडलं तर मागचा पगार अडकतो. आधी लायसन, मग पगार, मग निर्णय. नवीन ठिकाणी जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा की अपघात झाला तर काय करता, पॉलिसी कुठली आहे, ड्रायव्हरचं कव्हर आहे का. जो मालक हे ऐकून चिडतो तिथे राहू नका.

हे वाचणाऱ्या बाकीच्या ड्रायव्हर घरांसाठी पण एक गोष्ट. ड्रायव्हरने कधीच काही भरू नये असं मी म्हणत नाहीये. दारू पिऊन चालवली, डिझेल विकलं, दुसऱ्याच्या हातात गाडी दिली, घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरवली, तर ती जबाबदारी माणसाची आहे. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाच्या उतारावर जे होतं ते पुण्यातल्या प्रत्येकाने बघितलंय, नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे कितीतरी गाड्या उडवल्या होत्या. तरी सुद्धा आधी विचारणा, मग पुरावा, मग मर्यादेत कपात, हा क्रम तिथेही सुटत नाही. वेगाचा आणि सीटबेल्टचा दंड ड्रायव्हरचा धरा, पण ओव्हरलोडचा दंड, जो २०,००० पासून सुरू होतो, तो गाडी भरायला सांगणाऱ्याचा.

आणि मालक वाचत असतील तर त्यांना माझ्या रजिस्टरमधलं एक पान सांगते. बीडकडचा एक ड्रायव्हर होता, शांत माणूस, कधी उचल सुद्धा मागायचा नाही. एकदा टायर कट झाला म्हणून त्याने स्वतःहून सांगितलं आणि त्याच्या पानावर आम्ही ४,००० लिहिले. पुढच्या महिन्यात त्याच्या गाडीची हवा टिकत नव्हती, ब्रेकचा पाईप कुठेतरी गळत होता, प्रेशरचा काटा सारखा खाली यायचा. त्याने सांगितलं नाही. सांगितलं तर तोडफोडीत लागेल म्हणून. गाडी कसाऱ्याला घाटात उभी करताना मागे सरकली आणि दरीच्या कठड्याला टेकून थांबली. तो वाचला. मी त्याला विचारलं अरे सांगायचं नाही का, तर तो म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळी सांगितलं होतं ना." तो कॉलम मीच लिहिला होता. त्यानंतर त्या ऑफिसात मी वर्षभर होते पण तोडफोडीचा आकडा लिहायला मी नाही म्हणायचे, दुसरं कोणीतरी लिहायचं.

शेवटी तुमच्या पत्रातली ती ओळ, जी तुम्ही कंसात टाकलीय. की हल्ली रात्री झोपेत त्यांचा उजवा पाय दाबला जातो, पलंगाच्या फळीवर, ब्रेक मारल्यासारखा, आणि ते दचकून उठून बसतात. ताई, सगळ्या आकड्यांपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटलं. अपघातानंतर असं होतं, खूप जणांना होतं, आणि ते बोलत नाहीत कारण लाईनमध्ये हसतील असं वाटतं. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे एकदा दाखवा, जायला लाजत असतील तर आधी १४४१६ ला फोन लावा, टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि तोपर्यंत रात्रीची ट्रीप घेऊ देऊ नका, मालकाला सांगा डॉक्टरांनी नको म्हटलंय, दिवसाच्या जवळच्या ट्रीप द्या. गुडघ्याचाही एकदा एक्स-रे काढून घ्या, क्लचचा पाय असेल तर जास्तच.

पंचनाम्याची कॉपी मिळाली की मला परत लिहा, त्यात ट्रेलरबद्दल काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून पाठवा.